धाटाचे दोन वाटे

फेब्रुवारी सरत आला की परभणी जिल्ह्यातल्या काळ्या रानात ज्वारी काढणीला येते. माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेलं धाट मुळासकट उपटायचं, रानात आडवं पाडायचं, दोन-चार दिवस वाळलं की कणीस मोडून घ्यायचं आणि उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधायच्या. कणीस खळ्यावर जातं, पेंढी गंजीवर. कणसाचे दाणे माणसाचे, कडबा बैलाचा. ही वाटणी इतकी जुनी आहे की तिच्यात काही नवल आहे असं कुणाला वाटत नाही.

वजन केलं तर कडब्याचा वाटा दाण्यांच्या दुपटी-तिपटीने भरतो. तरीही वनस्पतींनी माणसाचं आयुष्य कसं घडवलं हे सांगताना आपण बोलतो ते दाण्याबद्दलच: गव्हाने शहरं वसवली, भाताने राज्यं पोसली. परभणीच्या रानात उभं राहून पाहिलं तर वेगळंच दिसतं. हा मुलूख दाण्याने जगवला हे खरं, पण तो उभा केला कडब्याने.

एकच साखर, चार रूपं

ज्वारीचं पान हा एक अजब कारखाना आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवण्याचं काम सगळीच हिरवी झाडं करतात. पण हे काम करणारं विकर उन्हाच्या तडाख्यात चुकतं; कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडून बसतं आणि झाडाची मेहनत वाया जाते. ज्वारीने यावर तोड काढली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशी दुसरंच एक विकर वापरून कार्बन गोळा करतात आणि शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत नेऊन ओततात. तिथे कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की चूक व्हायला फारशी जागाच उरत नाही. शिवाय पानावरची छिद्रं फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत, त्यामुळे पाणी वाचतं. पानांवर आणि खोडावर जी पांढुरकी मेणचट साय दिसते, तीही पाणी राखण्यासाठीच. ताण वाढला तर ज्वारी पानं गुंडाळून घेते, वाढ थांबवून दम धरते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. मका आणि ऊस कार्बन पकडतात ते याच पद्धतीने, पण कोरडं सोसण्यात ज्वारी त्यांच्या पुढे आहे.

या कारखान्यात तयार होते ती साखर म्हणजे ग्लुकोज. झाड ती कणसात साठवतं तेव्हा तिच्या रेणूंची माळ एका पद्धतीने गुंफतं आणि तयार होतो स्टार्च. तीच साखर खोडात वापरताना मात्र प्रत्येक दुवा जरा वेगळ्या कोनातून जोडतं आणि तयार होतो सेल्युलोज. कच्चा माल तोच, फरक एवढ्याशा वळणाचा. पण त्या वळणाने सगळा खेळ बदलतो. स्टार्चची माळ आपल्या तोंडातली लाळसुद्धा उलगडू लागते. सेल्युलोजच्या माळा एकमेकींना घट्ट चिकटून दोर बनतात आणि आपलं पोट त्यांच्यापुढे हात टेकतं. म्हणजे ज्वारीने आपली कमाई दोन पेट्यांत ठेवली आहे. एकीची किल्ली माणसाकडे आहे, दुसरीची बैलाकडे.

खरं तर ती बैलाकडेही नाही. सेल्युलोज फोडणारं विकर गाय-बैल स्वतः बनवत नाहीत. बैलाच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू, आदिजीव आणि बुरशी यांची वसाहत असते. तिथल्या रसाच्या एकेका थेंबात कोट्यवधी जीव. कडबा कुटतात बैलाचे दात, पण पचवतात हे जीव. बैल दुपारी झाडाखाली डोळे मिटून रवंथ करत बसतो तेव्हा तो आराम करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या पोटात, माणसाला ज्याचा काडीचाही उपयोग नव्हता त्या धाटाची ताकद बनत असते. तीच ताकद दुसऱ्या दिवशी औत ओढते.

आता त्याच शिवारातली पऱ्हाटी पाहा. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबच लांब वाढलेली, आणि वाळल्यावर तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतं. म्हणजे आपला सदरा आणि बैलाचा कडबा यांचा मूळ रेणू एकच. बाजूच्या तुरीच्या ओळी काढल्या की तुराट्या उरतात. त्यांत सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन असतं, म्हणून त्या टणक होतात. त्यांच्या कुडाच्या भिंती होतात, धान्य ठेवायच्या कणग्या विणल्या जातात, आणि अगदीच काही नाही तर चूल पेटते. भाकरी, बैल, कापड, भिंत: उन्हातून बनलेल्या एकाच साखरेची ही चार रूपं. परभणीच्या शेतकऱ्याचा सगळा संसार या चारांत मावत असे.

कसाल्याची खापरं

ज्वारी मूळची इथली नाही. ती आली आफ्रिकेतून, आणि तिच्या माणसाळण्याचा सर्वांत जुना पुरावा सापडला आहे पूर्व सुदानात, कसाला शहराच्या परिसरात. तो पुरावा दाण्याचा नाही, हे विशेष. तिथल्या लोकांनी मडकी घडवताना मातीत ज्वारीचं भूस मिसळलं होतं. भाजताना भूस जळून गेलं, पण त्याचे ठसे खापरांत राहिले. 2017 मध्ये संशोधकांनी त्या ठशांचे साचे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो आणि देठाशी गुळगुळीत खूण राहते. माणसाळलेल्या ज्वारीचा दाणा गळत नाही, झोडपून काढावा लागतो, म्हणून देठ फाटलेला दिसतो. इ.स.पूर्व 3500 ते 3000 च्या त्या खापरांत दोन्ही खुणा शेजारी शेजारी होत्या. ज्वारी रानातून शेतात येत असतानाच्या काळाचा हा ठसा आहे.

दाणा न गळणं हे रानात मरणच. बी पसरणार कसं? पण कापणीला आलेल्या माणसाच्या हाती लागतं ते नेमकं न गळणारं कणीस, आणि पुढच्या वर्षी पेरलं जातं तेही तेच. अशा रीतीने शेकडो पिढ्या गेल्या आणि ज्वारी माणसाच्या हाताशिवाय पसरू शकेनाशी झाली. 2012 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. ज्वारीत दाण्याची गळ थांबली ती ज्या जनुकातल्या बदलामुळे, त्याच्याच जोडीच्या जनुकांत भातात आणि मक्यातही बदल झालेले आहेत. आफ्रिका, आशिया, अमेरिका. एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या माणसांनी तीन खंडांवर, आपण काय निवडतो आहोत याची कल्पना नसताना, एकाच जागी बोट ठेवलं होतं.

इ.स.पूर्व 2000 च्या सुमारास आणि त्यानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी ही आफ्रिकी धान्यं भारतात पोचली. मराठवाड्यात ज्वारीला मनासारखी जमीन मिळाली.

मातीत मुरलेला पाऊस

ही जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यात पाय टाकवत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठच्या भारी जमिनी पाऊस पोटात धरून ठेवतात. म्हणून इथे पाऊस संपत आल्यावर पेरलेलं पीक येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिफणीने शाळू पेरायचा. पुढचे चार-साडेचार महिने आभाळातून काही मिळालं नाही तरी मुळं ओलीचा माग काढत दीड मीटरपर्यंत आणि त्याहूनही खोल उतरतात. फेब्रुवारीतलं टपोरं कणीस भरतं ते ऑगस्टातल्या पावसावर.

यात एक मेख आहे. जमीन वाळून भेगाळली की ओल त्या भेगांतून उडून जाते आणि मुळंही तुटतात. उपाय एकच: कोळपणी. दोन ओळींमधून कोळपं फिरलं की वरचा दोन-तीन बोटांचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि खालची ओल झाकली जाते. ‘एक कोळपणी अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात ते यामुळेच. कोळपं ओढायला बैल लागतो, बैलाला कडबा लागतो आणि कडबा याच रानातून येतो. म्हणजे गेल्या वर्षीची ज्वारी यंदाच्या ज्वारीची ओल राखत होती.

या भारी मातीत औत ओढणं हे येरागबाळ्या जनावराचं काम नाही. म्हणून या पट्ट्यात लाल कंधारी आणि देवणी अशा काटक जाती निपजल्या. बैल होते म्हणून गाडी होती आणि गाडी होती म्हणून कापूस बाजाराला जात होता. मेहेरगढच्या उत्खननात एका तांब्याच्या मण्यात अडकलेले सात-साडेसात हजार वर्षांपूर्वीचे कापसाचे तंतू सापडले, इतकं हे पीक उपखंडात जुनं. पण दख्खनच्या कापसाला जगाच्या बाजारात एकदम भाव आला तो 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात, तिथला कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला तेव्हा. पुढे 1900 च्या आसपास निजामाच्या राज्यात गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडला जोडणारी रेल्वे आली आणि सेलू, मानवत, परभणी ही कापसाची गावं म्हणून वाढली. आगगाडी कोळशावर चालत होती, पण रानातून जिनिंगपर्यंत कापूस आणणारी गाडी चालत होती कडब्यावर.

पेव, पीठ आणि ओवी

दाण्याकडे वळलं तरी नवल संपत नाही. ज्वारी साठवायची जुनी जागा म्हणजे पेव: जमिनीत खोल खणलेला, अरुंद तोंडाचा खड्डा. तळाला आणि कडेने कडब्याचा किंवा भुसाचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. बंद पेवात तो आणि त्याच्याबरोबरचे किडे थोड्याच काळात ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. किडे गुदमरून मरतात, दाणा सुस्तावून पडून राहतो. औषधाचा कण न वापरता धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही हा दंडक त्यासाठीच. जो वायू किड्यांना मारतो, तो माणसालाही सोडत नाही.

दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. गव्हात चिवट ग्लूटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीतलं प्रथिन दाण्यात बारीक गोळ्यांमध्ये बंद राहतं, त्याचं जाळं होत नाही. भाकरी जमते ती पिठातल्या स्टार्चवर. कढत पाणी घालून मळलं की स्टार्चचे कण फुगतात, चिकटतात आणि थापताना भाकरीला धरून ठेवतात. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते; कडेला चिरा पडतात, उचलताना भाकरी मोडते. शिवाय दळल्यावर अंकुरातलं तेल मोकळं होतं आणि पीठ खवट होऊ लागतं. म्हणून लागेल तेवढंच दळायचं, आणि रोज दळायचं.

रोजच्या या पहाटेच्या दळणातून मराठी बायकांचं सगळ्यांत मोठं साहित्य जन्माला आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावांच्याही आहेत. दळताना विठ्ठल मदतीला येतो असं सांगणारी जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची. तिचा देव जात्याच्या खुंट्याला हात लावतो, कारण तिच्या भक्तीची जागाच जातं होती. ज्वारीचं पीठ महिना-महिना टिकणारं असतं, तर या ओव्यांतल्या कितीतरी ओठांवर आल्याच नसत्या.

टारफुल्याचे कान

ज्वारीच्या रानात एक शत्रू असतो: टारफुला. दिसायला नाजूक, फुलं इवलीशी, पण त्याची मुळं ज्वारीच्या मुळात घुसून अन्नपाणी ओढतात. त्याचं बी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं आणि मातीत दहा-दहा वर्षं पडून राहतं. पावसाने ते उगवत नाही. ते वाट पाहतं. ज्वारीचं मूळ जवळ आल्याची खूण मिळाली तरच उगवतं.

ही खूण म्हणजे मुळांतून पाझरणारं एक रसायन. 1966 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते, गंमत म्हणजे, कापसाच्या मुळांच्या पाझरातून. पण झाड आपल्याच वैऱ्याला बोलवेल कशाला? याचं उत्तर मिळायला 2005 साल उजाडलं. ही हाक टारफुल्यासाठी नव्हतीच. ती होती मातीतल्या बुरशीसाठी; मुळांशी सख्य जोडून त्यांना स्फुरद मिळवून देणाऱ्या उपकारी बुरशीसाठी. टारफुला ती हाक चोरून ऐकायला शिकला होता.

आणि कापूस? त्याचं मूळही तीच हाक देतं, पण त्याच्यावर टारफुल्याला जगता येत नाही. कापसाच्या रानात टारफुल्याचं बी फसतं, उगवतं आणि उपाशी मरतं. ज्वारीनंतर कापूस, कापसानंतर ज्वारी अशी फेरपालट शेतकरी करत आले. रसायनाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या रानात पीक बरं येतं हे ठाऊक होतं.

उंची गेली कुठे?

1972 हे साल परभणीसाठी दोन कारणांनी मोठं. त्या वर्षी 18 मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, ज्याला आज वसंतराव नाईक यांचं नाव आहे. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर असा दुष्काळ कोसळला की ज्वारीच्या मुलखाला परदेशातून आलेली मिलो खावी लागली. ती लाल मिलो म्हणजेही ज्वारीच, आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली. घरातलीच लेक परक्या देशातून धान्य घेऊन आली म्हणायची, पण तिच्या भाकरीची चव त्या पिढीला आवडली नाही ती नाहीच.

दाणा वाढवायची निकड खरी होती. 1964 मध्येच सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला होता. लोक त्याला नुसतं ‘हायब्रीड’ म्हणू लागले. उत्पन्न वाढलं, पण झाड बुटकं झालं. ज्वारीची उंची ठरवणारी चार मुख्य जनुकं 1954 मध्येच ओळखली गेली होती. त्यांतलं एक काय करतं हे 2003 मध्ये कळलं: खोडाला वाढायला सांगणारं संप्रेरक पेशीपेशींतून खाली पोचवायचं काम त्याच्याकडे असतं. ते बिघडलं की पानं तेवढीच राहतात, पण दोन पेरांमधलं अंतर कमी होतं. बुटकं झाड वाऱ्याने लोळत नाही आणि खताला दाद देतं. कागदावर सगळं उत्तम. फक्त कडबा घटला. आणि लवकर पिकणाऱ्या खरीप हायब्रीडचं कणीस नेमकं सप्टेंबरच्या पावसात सापडून काळं पडू लागलं.

रब्बीत मात्र शेतकऱ्याने हायब्रीडला फारसं उभं केलं नाही. तिथे राज्य राहिलं मालदांडीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक शाळूतून निवडलेला हा वाण, एम 35-1, आजही पेरला जातो. मोत्यासारखा दाणा, गोडसर भाकरी, आणि डोक्याच्या वर जाणारं, गुरं आवडीने खातात असं धाट. याला शेतकऱ्याचं मागासलेपण म्हणणाऱ्यांनी हिशोबाची अर्धीच वही पाहिली होती. शास्त्रज्ञ मोजत होते हेक्टरी क्विंटल. शेतकरी त्याशिवाय गंजीही मोजत होता.

ही दुसरी बाजू परभणीच्या विद्यापीठाने पुढे ध्यानात घेतली. परभणी ज्योती, परभणी मोती हे वाण दाणा आणि कडबा दोन्ही देणारे म्हणून पुढे आले. 2018 मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या साथीने परभणी शक्ती हा वाण आला, ज्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीपेक्षा जास्त आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरांत ज्वारीची बिस्किटं दिसू लागली.

पण रानातलं चित्र वेगळं आहे. परभणीच्या खरिपात आता सोयाबीन पसरलं आहे. शंभर-एकशेदहा दिवसांत हातात रोकड येते, काढणी-मळणी यंत्रावर होते. शेतकऱ्याने ते निवडलं यात त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मात्र सोयाबीनच्या भुसाला कडब्याची सर नाही. ज्वारी घटली तसा कडबा घटला, कडबा महागला तशी बैलजोडी सांभाळणं जड झालं, आणि बैल गेला तसं शेणखत गेलं. ट्रॅक्टर नांगरतो झकास, पण तो डिझेल पितो आणि शेण टाकत नाही. एका धाटाचा अर्धा वाटा हिशोबातून निसटला की त्याच्या मागोमाग इतकं काही निसटतं.

सगळ्यांनी पुन्हा बैल बांधावेत असा या लिहिण्याचा अर्थ नाही. तसं होणारही नाही. पण पिकाचं मोल ठरवताना धाट पूर्ण मोजावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. धोरण ठरवणाऱ्यांनी ज्वारीच्या हमीभावाबरोबर चाऱ्याचाही विचार करावा, वाण पारखणाऱ्यांनी दाण्याच्या वजनाशेजारी कडब्याचं वजन लिहावं. आणि शहरात ‘ज्वारी महागली’ म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हे लक्षात ठेवावं, की किलोच्या भावात आपण फक्त कणसाचे पैसे मोजतो. त्याच धाटाने बैल पोसला, जमीन राखली, टारफुल्याशी झुंज दिली आणि मराठीला ओवी दिली, त्याचं बिल अजून कुणी फाडलेलं नाही.